न उठलेलं पित्त

आधी एक शब्द तोंडाबाहेर काढते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल. खाज. झालं, काढला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या विक्रोळीत नाक्यावरच्या पोरांनी भांडणात 'तुला लई खाज आहे ना?' असं म्हणून म्हणून ह्या शब्दाची पार वाट लावलीय. बाईमाणूस तो उच्चारतच नाही. माझी आई म्हणायची, अंग चावतंय म्हण, अंगाला सुटलंय म्हण, पित्त उठलंय म्हण, पण ते नाव घेऊ नकोस. मी शहाण्यासारखी दीड वर्ष 'पित्त उठलंय' म्हणत राहिले. त्या शहाणपणात माझं लिव्हर सडत गेलं.

हे लिहायला मला प्राचीनं बसवलं. प्राची माझी मुलगी, कॉलेजला आहे. म्हणाली, "मम्मी, तू रोज तेच तेच बोलतेस. एकदा लिहून टाक ना, डोकं तरी हलकं होईल." मी काही लेखिका नाही. मुलुंडच्या एका पोळी-भाजी केंद्रात नऊ वर्षं पोळ्या लाटल्या, एवढंच माझं कर्तृत्व. पण माझ्यासारखी कोणी बाई कुठे तरी तळहात घासत, लाजत बसलेली असेल, तिच्यासाठी लिहिते. गोड लिहिणार नाही. गोड काही घडलंच नाही फारसं.

घरातली माणसं

दोन खोल्यांचं घर. मी, मिस्टर, प्राची आणि माझी सासू. सासूला मी आत्या म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. आम्ही बौद्ध. आत्याचं माहेर सातारा जिल्ह्यात. तिच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आपल्या लोकांची कपबशी वेगळी असायची, कान तुटलेली, बाहेर वळचणीला ठेवलेली. चहा प्यायचा आणि आपणच विसळून परत तिथंच पालथी घालायची. पाणी तर भांड्यातनं द्यायचेच नाहीत. वरून ओतायचे, आपण ओंजळ धरायची. आत्या अकरा वर्षांची असताना तिनं एक दिवस ती कपबशी उचलली आणि दगडावर आपटली. तिच्या बापानं त्यापायी मार खाल्ला, पण पोरीला एक शब्द बोलला नाही.

ही गोष्ट आत्या दर वर्षी आमच्या विहारात मुलांच्या वर्गाला सांगते. "खळ्ळकन फुटली बघा," म्हणताना दोन्ही हात वर करते आणि पोरं टाळ्या वाजवतात. त्या दिवसापासून तिनं कधी वरून पाणी प्यायलं नाही. आमच्या घरात तो कायदाच आहे. प्राचीला शाळेत असताना बाटली उंच धरून प्यायची सवय लागली होती, तर आत्यानं टपली मारली. "तोंड लावून पी गं. वरनं प्यायचं दिस गेलं आपलं."

मला ह्या सासूचा अभिमान होता. होता असंच लिहायचंय मला.

सगळे म्हणाले पित्त

सुरुवात तळहातांपासून झाली. मला वाटलं पिठानं होत असेल, किंवा तव्याच्या धगीनं. मग तळपाय सुरू झाले. तळपायाला कुठे आलंय पीठ? पण तेव्हा एवढा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. ही साधी खाज नाही हो. साध्या खाजेला खाजवलं की बरं वाटतं. हिला खाजवलं की ती आणखी आत सरकते, हाडापर्यंत गेल्यासारखी. संध्याकाळ झाली की वाढायची आणि झोपेची वेळ झाली की कळस. मी कशाकशानं घासलं सांगू? कंगवा. पायाची वज्री. लाटण्याचं टोक. पोटऱ्यांवर लाल रेघोट्या आणि त्यावर खपल्या. थोडंफार बरं वाटायचं ते फक्त मोरीच्या गार लादीवर पाय ठेवून बसलं की.

आत्या बघायची. म्हणाली, "पित्त उठलंय तुला. हाटेलातलं तेलकट खातीस." आणि मग तिनं काय केलं, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिनं आमसुलं भिजत घातली, कोळून पाणी काढलं, मला ब्लाऊज काढून बसवलं आणि पाठीपासून पायापर्यंत स्वतःच्या हातांनी चोळलं. पंधरा दिवस, रोज. ऐंशीला टेकलेली बाई, गुडघ्यांचा चुराडा झालेला, तरी माझ्या पायाशी खाली बसून तळपाय चोळायची. "जरा हाय का गार?" विचारायची. मी हो म्हणायचे. काहीही गार नव्हतं, पण तिचा हात मला हवा होता.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले. तिथं दोन पुरुष पेशंट आधीच आत बसलेले, पडदा नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?" मी म्हटलं, "पित्त उठतंय." त्यांनी वरही बघितलं नाही. ॲलर्जीची गोळी आणि वर ॲसिडिटीची. कारण पित्त म्हणजे आपल्याकडे अंगावर उठतं तेही पित्त आणि घशाशी येतं तेही पित्त, कुठलं का असेना, दोन्हीवर एकेक गोळी दिली की काम झालं. गोळीनं झोप यायची. झोपेत खाजवायचे. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. तीन वेळा गेले, तीन वेळा तेच. त्यांची चूक म्हणू तर तोंडानं चुकीचं नाव मीच सांगत होते. माझी म्हणू, तर बाई ग, मला बरोबर नाव घ्यायची मुभा होती कुठे?

खिडकीतला ग्लास

मग आत्याला घामोळं आलं. उन्हाळाच होता, अख्ख्या बिल्डिंगला आलं होतं. पण तिनं स्वतःच्या मानेवर खाजवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे पित्त न्हाई. ही खरूज हाय. घरभर पसरवलीस."

खरूज! डॉक्टर म्हणाले, असूही शकते, सगळ्यांनी एकदम औषध लावा. मग काय, चौघांनी मानेपासून पायाच्या नखापर्यंत पांढरं लोशन चोपडलं. मिस्टर शिव्या देत देत लावत होते. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे, सगळं उकळत्या पाण्यात. दोन रविवार घराचा नुसता धोबीघाट. बाकीच्यांना काही झालेलंच नव्हतं, त्यामुळे ते बरे झाले. माझी खाज तशीच राहिली. त्यावरून घरात ठरलं की रोग माझ्यात मुरलाय.

कोणी मला समोर बसवून सांगितलं नाही. आधी माझा टॉवेल दोरीवरून उतरला आणि खिडकीच्या गजावर गेला. मग अंथरूण दाराजवळ. प्राची माझ्याशेजारी झोपायची, ती आजीकडे सरकली. "मम्मी, परीक्षा आहे ना," म्हणाली. परीक्षेला अजून महिने होते. डोक्याला तेल लावून घ्यायला यायची, ते बंद झालं. आणि मग एका सकाळी मांडणीवर माझा स्टीलचा ग्लास सापडेना. तो खिडकीत होता, जाळीला टेकून. बुडाशी नेलपॉलिशची लाल टिकली. ओळखायला.

मी तो ग्लास हातात घेतला आणि आत्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुझा तिथंच ऱ्हाऊ दे. इसळून ठेवत जा."

विसळून ठेवत जा! कपबशी फोडणारी बाई मला म्हणते, विसळून ठेवत जा. मिस्टरांना म्हटलं, "अहो, तुम्ही तरी काही बोला." ते म्हणाले, "जाऊ दे ना यार, म्हातारी आहे. बरी झालीस की होईल सगळं नीट." टीव्हीवरची नजरही काढली नाही. एकोणीस वर्षांच्या संसारात मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. आत्याला निदान भीती तरी वाटत होती. ह्यांना काहीच वाटत नव्हतं.

आणि खरं सांगते, तो ग्लास मी विसळून तिथंच ठेवत गेले. महिनोन् महिने. कोणाला काय बोलणार? मलाही वाटायला लागलं होतं की माझ्यात काहीतरी घाण आहे.

केंद्रातही तेच. मालकीणवहिनी माणूस वाईट नव्हत्या. एक दिवस म्हणाल्या, "छाया, बाही वर कर." मी केली. त्यांनी माझ्या पुढ्यातली कणकेची परात उचलली आणि दुसऱ्या बाईपुढं सरकवली. "काही दिवस घरी बस गं. लोकांच्या तोंडात जातं ना आपलं." बरोबरच होतं त्यांचं. पण नऊ वर्षं ह्याच हातांच्या पोळ्या मऊसूत म्हणून लोक नाव काढायचे, ते एका बाहीत संपलं. बसमध्ये मी हात पिशवीखाली लपवून घरी आले.

तपासणीचा दिवस

पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले ती शेजारणीनं ढकललं म्हणून. घरातून सोबत कोणी नाही. कातडीच्या ओपीडीची रांग जिन्यापर्यंत. दोन तासांनी नंबर आला. समोर एक पोरगेलीशी डॉक्टर, केस विस्कटलेले, टेबलावर अर्धी खाल्लेली इडली तशीच. मी माझं पाठ झालेलं वाक्य म्हटलं, "पित्त उठतंय अंगावर. दीड वर्ष झालं."

ती म्हणाली, "कुठे उठलंय? दाखवा."

"आत्ता नाही उठलेलं."

"मग कधी उठतं? गांधी येतात का मोठमोठ्या? लाल? सूज?"

मी आठवायला लागले. आठवेना. ती थांबली होती. बाहेर गर्दी ओरडत होती आणि ती बाई पेन खाली ठेवून थांबली होती. दीड वर्षात एवढा वेळ मला कोणी दिला नव्हता.

"मावशी, एकदा तरी उठलेलं बघितलंय का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. दीड वर्ष पित्त उठतंय, पित्त उठतंय, आणि अंगावर एक गांध कधी उठली नाही. ज्या काही खुणा होत्या त्या माझ्याच नखांच्या.

"मग पित्त कशाला म्हणता?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं सोडा. गांध नाही, पुरळ नाही. मग आहे काय नक्की?"

मी इकडे तिकडे बघितलं. दाराशी वॉर्डबॉय उभा. शेवटी खाली बघून म्हटलं, "नुसती खाज."

ती हसली नाही. कागदावर लिहिलं आणि पटापट विचारत गेली. तळहात-तळपाय जास्त का? संध्याकाळी वाढते का? थकवा? तोंड कोरडं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं? प्रत्येकाला माझं हो. ते थकणं, ते डोळे मी वयावर घातले होते. तिनं माझी खालची पापणी ओढून बघितली, खिडकीच्या उजेडात माझे हात उलटसुलट केले. हात धरून. हातमोजे न घालता. मी रडायला लागले, तर ती घाबरली बिचारी. "दुखलं का मावशी?" तिला काय सांगणार, काय दुखलं ते.

"हे कातडीचं वाटत नाही मला. लिव्हरचं रक्त तपासून घ्या," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे रक्त, उपाशीपोटी सोनोग्राफी, परत रक्त, ह्या इमारतीतून त्या इमारतीत. शेवटी लिव्हरच्या डॉक्टरांपुढं बसले. वयस्क माणूस, आवाज बारीक. त्यांनी कागदावर चित्र काढलं. लिव्हरमध्ये बारीक बारीक नळ्या असतात, पित्ताचा रस त्यातनं वाहतो. माझ्याच शरीरानं त्या नळ्यांवर चाल केली होती. नळ्या खराब, रसाला वाट नाही, म्हणून त्यातलं जे बाहेर जायला हवं ते रक्तात साठतंय, आणि म्हणून खाज.

"म्हणजे पित्तच," मी म्हटलं.

ते थबकले. "हो, म्हणजे... पित्तच. पण तुम्ही लोक म्हणता ते नव्हे."

मला असं हसू फुटलं! दीड वर्ष मी अख्ख्या दुनियेला ओरडून खरं नाव सांगत होते आणि तेच चुकीचं होतं. मग विचारलं, "उशीर झाला का हो?"

"थोडा झाला. थोडं कडक झालंय लिव्हर. ते पूर्वीसारखं होणार नाही, पण इथंच थांबवायचा प्रयत्न करू. गोळी जन्मभर."

"आणि हे दुसऱ्याला लागतं का?"

"अजिबात नाही. कशानंच नाही."

ते वाक्य मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. मराठीत. खाली सही घेतली. ते म्हणाले, "सही कशाला?" मी म्हटलं, "लागते आमच्याकडे."

दारू कोणी प्यायली

घरी येऊन सांगितलं. मिस्टर मोठ्यानं हसले. "पितो मी आणि लिव्हर तुझं?" चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर चोरच हसतोय! आत्यानं डोळे बारीक केले. "चोरून पीत व्हतीस का काय?" मी सांगून सांगून थकले की हे दारूनं होत नाही, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. नणदेचा फोन आला, तिनंही आधी तेच विचारलं, फक्त गोड शब्दांत. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. खरजेतून निघाले ती दारूत पडले, आगीतून फुफाट्यात.

पण सहीचा कागद प्राचीनं मोठ्यानं वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझा ग्लास मांडणीवर, सगळ्यांच्या ग्लासांत. टॉवेल दोरीवर. कोणी आणून ठेवला, कधी ठेवला, एक शब्द नाही. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. मीही मागितलं नाही. ग्लास परत आला, तेवढ्यानंच मला गहिवरून आलं, ह्याची मला आज लाज वाटते.

खाजेसाठी एक पावडर मिळाली. पाण्यात कालवून प्यायची, नदीची रेती प्यायल्यासारखी लागते, आणि बाकीच्या गोळ्यांपासून कित्येक तास लांब ठेवायची. त्यानं थोडा फरक पडला, पण पुरा नाही. मग डॉक्टरांनी आणखी एक कॅप्सूल वाढवली, लाल. म्हणाले, ही खरी टीबीची, पण अशा खाजेवरही चालते. लघवी केशरी होईल, घाबरू नका, आणि रक्त तपासत राहायचं, चुकवायचं नाही.

पाच-सहा दिवसांत, काय सांगू, मी दुपारी झोपले. नुसती झोपले. उठले तेव्हा उजवा हात उशीखाली तसाच होता, कुठेही खाजवत नव्हता. दीड वर्षानंतर. मी तशीच पडून राहिले, हलले तर ती परत येईल म्हणून.

आणि त्याच आठवड्यात आत्यानं ती लाल कॅप्सूल बघितली. माझे सासरे टीबीनं गेले. तिनं स्वतःच्या हातानं त्यांना तीच लाल कॅप्सूल महिनोन् महिने भरवली होती. ती ओळखायला तिला चष्मा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लास परत खिडकीत.

तिची भीती मला कळते. नवरा गेलाय तिचा. पण कळणं वेगळं आणि गिळणं वेगळं. मी तो ग्लास उचलला, गॅलरीत गेले आणि दोन्ही हातांनी डोक्यावर घेऊन लादीवर आपटला. तिच्या गोष्टीत आहे ना, अगदी तसा.

ठण्ण झालं. ग्लास उडाला, दोनदा गडगडला आणि कठड्याला जाऊन थांबला. बाजूला एक पोचा आला, बस. कपबशी फुटते, म्हणून तिची गोष्ट होते. स्टीलचा ग्लास फुटत नाही. मी करून बघितलंय.

आत्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "भांड्यावर राग काढू नये, छाये." आणि आत गेली.

दोन-चार सांगायच्या गोष्टी

पुढच्या वेळी प्राची माझ्याबरोबर हॉस्पिटलला आली. बाकावर बसलो होतो. नंबर यायला वेळ होता. ती तिच्या नखांकडे बघत म्हणाली, "मम्मी, टिकली मी लावलेली. आजी म्हणाली खूण कर म्हणून."

"माहीत आहे. रंग तुझाच होता."

"मग बोलली का नाहीस तू?"

"काय बोलू? तू माझी पोरगी आहेस."

ती रडली. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन रिमूव्हर घेऊन बसली टिकली पुसायला. मी म्हटलं, राहू दे. आता ती दर रविवारी माझी नखं कापते, अगदी मुळाशी, आणि रोज ओल्या फडक्यानं पाय पुसते. शेजारी झोपते. तेवढं मिळालं मला ह्या आजारात, ते नाकारत नाही.

आता तुमच्यासाठी. अंगावर काही उठलेलं नसताना खाज असेल, तळहाता-तळपायांना जास्त असेल, ॲलर्जीच्या गोळीला दाद देत नसेल, तर तिला पित्त म्हणू नका. सुटलंय, चावतंय, काही म्हणू नका. डॉक्टरसमोर बसून खाज म्हणा, स्पष्ट, आणि लिव्हरचं रक्त तपासू का म्हणून विचारा. बाहेर पुरुष बसलेत म्हणून लाजू नका, त्यांच्या लाजेनं तुमचं लिव्हर वाचणार नाही. माझ्या गोळ्या ऐकून स्वतःच्या मनानं घेऊ नका, तो वेडेपणा आहे. आणि घरात कोणाला असं होत असेल, तर त्याचा ग्लास उचलण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. क्रम तेवढा पाळा.

मी पूर्ण बरी झालेले नाही, होणारही नाही. खाज अधूनमधून येते, पण पूर्वीची नाही. केंद्रात दुसरी बाई लागलीय, तिच्या पोळ्या वातड असतात असं ऐकते. तो पोचा आलेला ग्लास आता माझ्या पिशवीत असतो, कारण पावडर वेळेवर कालवावी लागते, जिथं असेन तिथं.

गोष्टीचा रविवार

गेल्या महिन्यात विहारात मुलांचा वर्ग होता. आत्यानं गोष्ट सांगायला घेतली. मी मागं सतरंज्या घालत होते. ह्या वर्षी ती गाळेल, निदान अडखळेल असं मला वाटलं होतं. कसलं काय. वळचण, तुटका कान, विसळून पालथी घालायची, सगळं आलं. "वरनं पाणी वतायचे पोरांनो, जनावराला वततात तसं." मग दोन्ही हात वर गेले. "खळ्ळकन फुटली बघा!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे.

बोलून बोलून तिचा घसा सुकला. "छाये, पाणी आण गं."

विहारातले ग्लास धुवायला गेले होते. खरंच गेले होते, मी काही मुद्दाम केलं नाही. मी पिशवीतून माझा ग्लास काढला, माठातलं पाणी भरलं आणि सगळ्या पोरांच्या देखत तिच्या हातात दिला. तिनं पोच्यावरून बोट फिरवलं. बुडाची टिकली बघितली. माझ्याकडे बघितलं. प्राची पहिल्या रांगेत होती, तिनं श्वास रोखलेला मला दिसला.

मी मनात म्हणत होते, आत्या, लाव तोंड. माफी नको मला, काही नको. एवढं कर.

आत्यानं मान मागे टाकली, ग्लास उंच धरला आणि पाणी वरून प्यायलं. ऐंशी वर्षांची, हात थरथरतो तिचा, पण ओठांना ग्लास लागला नाही आणि एक थेंबही सांडला नाही.